यंत्राचं संगीत: तयारी की भाव? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बैठकीतून उठताना एखादा जुना कानसेन म्हणतो, "तयारी जबरदस्त आहे हो, पण गाणं काही झालं नाही." टेक्नो, हाऊस, अँबियंट या इलेक्ट्रॉनिक संगीताबद्दलही आता हेच ऐकू येतं, फक्त तयारीच्या जागी 'प्रॉडक्शन' हा शब्द येतो. हे संगीत करणारे, ऐकणारे आणि त्याला नाक मुरडणारे अशा तिघांकडूनही फिरून फिरून येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं तटस्थ नाहीत, हे आधीच सांगितलेलं बरं.

इलेक्ट्रॉनिक संगीतात कौशल्य म्हणजे नेमकं कशाचं?

बोटांच्या वेगाचं नव्हे. आवाज घडवायचा, तो नेमक्या वेळी ठेवायचा, अख्ख्या ट्रॅकची बांधणी करायची, मिक्स करायचं, आणि यंत्राला जे जमत नाही तेही त्याच्याकडून करून घ्यायचं, अशी ही कामं आहेत. त्यातलं शेवटचं सर्वांत जुनं. १९६३ साली डेलिया डर्बीशायर यांनी बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये 'डॉक्टर हू' मालिकेचं शीर्षकसंगीत घडवलं तेव्हा त्यांच्या हाताशी सिंथेसायझर (विजेवर आवाज तयार करणारं वाद्य) नव्हता. चाल रॉन ग्रेनर यांची. पण तिचा एकेक स्वर टेपवर घ्यायचा, टेपचा वेग बदलून हवी ती उंची मिळवायची, लांबी मोजून तुकडा कापायचा आणि पुढच्याला चिकटवायचा, असं ते काम झालं. पाच वर्षांनी, १९६८ मध्ये, वेंडी कार्लोस यांनी जुना जर्मन संगीतकार बाख याच्या रचना मूग सिंथेसायझरवर केल्या. तो मूग एका वेळी एकच स्वर वाजवायचा आणि बघता बघता सुरातून सरकायचा. म्हणजे प्रत्येक ओळ वेगळी वाजवायची, मध्येच थांबून यंत्र पुन्हा सुरात लावायचं, पुढचा तुकडा घ्यायचा.

ऐकणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही, आणि माझा सगळा मुद्दा तिथेच आहे. या संगीतात ज्या कौशल्याची वाहवा होते ते, आणि ज्या कौशल्यामुळे ऐकताना आत काही हलतं ते, बहुतेक वेळा दोन वेगळ्या जातीचं असतं. पहिलं डोळ्यांत भरतं: किचकट ताल, लख्ख मिक्स, छातीत दणका देणारा ड्रॉप, म्हणजे ताण वाढवत नेऊन ताल एकदम कोसळतो ती जागा. दुसरं कौशल्य म्हणून जाणवतच नाही.

बटण दाबलं की वाजतं. मग त्यात भावना येणार कुठून?

ही शंका आपल्याकडे नवी नाही. हार्मोनियमला मींड घेता येत नाही, तिचे स्वर सुटे सुटे, अशा कारणांवरून ऑल इंडिया रेडिओनं १९४० साली तिला बाहेरचा रस्ता दाखवला आणि पुढची तीसेक वर्षं ती बाहेरच राहिली. इकडे महाराष्ट्रात मात्र नाट्यसंगीत त्याच पेटीवर आणि पायपेटीवर रंगत होतं, आणि गोविंदराव टेंब्यांच्या पेटीवर जीव टाकणाऱ्यांना या बंदीचं काही सोयरसुतक नव्हतं.

आता खुद्द यंत्राकडे येऊ. १९७७ साली म्युनिकमध्ये जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट यांनी डोना समरकडून 'आय फील लव्ह' गाऊन घेतलं. साथ जवळजवळ सगळी मूगची, सिक्वेन्सरनं, म्हणजे भरलेले स्वर आपोआप वाजवणाऱ्या यंत्रानं, चालवलेली. माणसानं वाजवलेला किक ड्रम (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) तेवढा कीथ फोर्सीचा, कारण मूगमधून तसा ठोका निघेना. हेडफोन लावून बेसची, म्हणजे खालच्या सुरांची, ओळ ऐका. एक स्वर एका कानात पडतो आणि लगेच त्याचा पडसाद दुसऱ्या कानात. ती जी अखंड धावपळ ऐकू येते, तिचे निम्मे स्वर वाजवलेलेच नाहीत, ते डिलेचे, म्हणजे पडसाद काढणाऱ्या यंत्राचे, आहेत. या न दमणाऱ्या धावेवर समर तिचा भरदार आवाज बाजूला ठेवून, हलक्या गळ्यानं, वरच्या पट्टीत गाते. खाली जे धावतंय त्याला श्वासाची गरज नाही आणि वर जी गातेय तिचा श्वास ऐकू येतो. गाण्यातली सगळी धुंदी या दोघांमधल्या अंतरात आहे. हाच बेस एखाद्या कसलेल्या वादकानं वाजवला असता, तर तो कुठे फुलला असता, कुठे सैल पडला असता. गाणं तरीही चांगलं झालं असतं, फक्त हे झालं नसतं.

याच्या दुसऱ्या टोकाला एफेक्स ट्विन, म्हणजे इंग्लंडचा रिचर्ड जेम्स. त्याच्या २००१ मधल्या अल्बमात 'एव्हरिल १४थ' ही दोनेक मिनिटांची पियानोरचना आहे. ऐकताना वाटतं, दिवेलागणीला कुणीतरी घरात एकटंच बसून वाजवतंय. प्रत्यक्षात ती संगणकानं चालणाऱ्या पियानोवर, डिस्क्लाव्हियरवर, वाजली आहे. पट्ट्यांची आणि हातोड्यांची खडखडसुद्धा ध्वनिमुद्रणात ऐकू येते, आणि ती काढून टाकलेली नाही. स्वच्छ ध्वनिमुद्रणाच्या कोणत्याही नियमानं ती काढायला हवी होती. ती ठेवली म्हणून तो पियानो खोलीत असल्यासारखा वाटतो.

तेव्हा भावना बोटांत असते असं मी मानत नाही. ती ठरवण्यात असते: काय ठेवायचं, काय काढायचं, कुठे थांबायचं.

पण हातानं वाजवलेलं, जरा मागेपुढे झालेलं, तेच जिवंत वाटतं. हे तरी खरं ना?

अर्धं. १९८० साली रॉजर लिन यांनी एलएम-१ हे ड्रम मशीन आणलं. खऱ्या ड्रमचे आवाज त्यात साठवलेले होते आणि वादकाचा मागेपुढे पडलेला ठोका ते आपोआप जागेवर आणून बसवायचं. यालाच आज सगळे क्वांटाइझ म्हणतात. पण त्याच यंत्रात, दर दोन ठोक्यांतला दुसरा किंचित उशिरा टाकून ताल झुलवायची सोयही होती. म्हणजे ताठपणा आणि झोल दोन्ही एकाच माणसानं, एकाच डब्यातून दिले.

डेट्रॉइटचा हिप-हॉप निर्माता जे डिला हा याच वंशातल्या एमपीसी-३००० या यंत्रावर काम करायचा आणि बऱ्याचदा क्वांटाइझ बंद ठेवायचा. त्याचा किक जागेवरून जरा सरकलेला, स्नेअर (खणखणीत वाजणारा छोटा ड्रम) कधी घाईत तर कधी रेंगाळत. सगळंच डगमगतंय असं वाटतं, पण पडत काहीच नाही. आपल्याकडे तबलजी ठुमरीच्या साथीला लय किंचित ओढून धरतो तेव्हा जी गंमत येते, तिच्याच जवळची ही जागा. त्याचं ते यंत्र आज वॉशिंग्टनमध्ये, स्मिथसोनियनच्या आफ्रिकी-अमेरिकी इतिहासाच्या संग्रहालयात आहे.

पण यावरून 'चुका घाला, भावना येईल' असा निष्कर्ष काढणारे फसतात. हल्ली प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये 'ह्यूमनाइझ' नावाची सोय असते. ती ठोके इकडेतिकडे विखरून टाकते, कसलाही हेतू नसताना. डिलाचा उशीर हा त्याचा निर्णय होता, या सोयीचा उशीर हा लॉटरीचा आकडा. फरक कानाला लगेच कळतो. उलट क्राफ्टवर्क या जर्मन बँडचं संगीत पाहा. ताल एक केसभर हलत नाही, आणि तरी १९७७ च्या त्यांच्या युरोपच्या रेल्वेवरच्या अल्बमात एक जुनाट, राजेशाही उदासी आहे. त्यात झोल घातला तर ती उदासी क्षणात जाईल.

फार किचकट संगीत कोरडंच असतं का?

नसतं. पण किचकटपणा मिरवला की कोरडं होतं.

इंग्लंडमधल्या रॉचडेलची ऑटेकर ही जोडगोळी या आरोपाची कायमची गिऱ्हाईक. त्यांची १९९४ ची गोष्ट सांगण्यासारखी आहे. रेव्ह पार्ट्या मोडून काढण्यासाठी ब्रिटिश सरकार एक कायदा आणत होतं आणि त्यात 'पुन्हा पुन्हा येणारे ठोके' असणाऱ्या संगीताचा चक्क उल्लेख होता. ऑटेकरनं निषेधाची एक ईपी, म्हणजे छोटी तबकडी, काढली. तिच्यातल्या 'फ्लटर' या ट्रॅकमध्ये कोणतेही दोन बार (तालाची आवर्तनं) सारखे येणार नाहीत असा ताल त्यांनी रचला, आणि वेष्टनावर सल्ला छापला की हा ट्रॅक लावताना डीजेनं सोबत एक वकील आणि एक संगीतशास्त्रज्ञ बाळगावा. सरकारी भाषेची इतकी नेमकी टर क्वचितच कुणी उडवली असेल.

गंमत अशी की या खटाटोपानंतरही 'फ्लटर' ऐकताना गणित आठवत नाही. खाली ताल सतत रूप बदलतो आणि वर एक साधी, दुखरी चाल शांतपणे जात राहते. चाल साधी नसती तर ताल पेलला नसता. त्यांच्या पुढच्या काळातलं काही संगीत मला खरंच पेलत नाही. त्यात कौशल्य अफाट आहे, पण कान टेकवायला जागा नाही. त्यांचे भक्त म्हणतील, अजून दहा वेळा ऐक. म्हणोत.

मग ज्यांना तंत्र धड येत नाही त्यांचंच संगीत जास्त भिडतं, असं म्हणायचं का?

हे फार लाडकं मिथक आहे आणि त्याला आधारही सापडतात. रोलँड कंपनीचं टीबी-३०३ हे यंत्र १९८१ साली बाजारात आलं. एकट्यानं सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी हा त्याचा हेतू. तो साफ फसला. आवाज बेस गिटारसारखा वाटेना आणि प्रोग्रॅम करणं म्हणजे डोकेदुखी: स्वर वेगळे भरायचे, त्यांचं कालमान वेगळं भरायचं, मग दोन्ही जुळून काय बाहेर येतंय ते ऐकायचं. १९८४ मध्ये उत्पादन बंद झालं, दहा हजारांच्या आसपास नग निघाले, आणि ते जुन्या बाजारात पडेल भावानं विकले जाऊ लागले. शिकागोतल्या डीजे पिअर, स्पँकी आणि हर्ब जे या तिघांच्या हाती असंच एक लागलं. बेस वाजवून घ्यायचं सोडून त्यांनी ओळ चालू ठेवली आणि वरची बटणं फिरवत बसले. कटऑफ, रेझोनन्स, डिके, म्हणजे आवाज किती उघडा, किती टोकदार, किती वेळ टिकणारा हे ठरवणारी. तीच ती ओळ, पण आधी गुरगुरते, मग किंचाळते, मग पाण्याखाली गेल्यासारखी होते. १९८७ साली 'फ्यूचर' या नावानं 'ॲसिड ट्रॅक्स' बाहेर आला आणि ॲसिड हाऊस हा प्रकारच सुरू झाला.

दुसरा नेहमीचा साक्षीदार दक्षिण लंडनचा बरिअल. २००७ चा 'अनट्रू' त्यानं साऊंड फोर्ज नावाच्या ध्वनी-संपादनाच्या साध्या सॉफ्टवेअरमध्ये केला. त्यात ताल बसवायला सिक्वेन्सरची चौकट नाही. ठोके स्क्रीनवरच्या लहरीकडे बघून, कानानं अंदाज घेऊन ठेवायचे. दुसऱ्यांच्या गाण्यांतले आवाज घेऊन त्यानं त्यांची उंची बदलली, इतकी की गाणारा पुरुष आहे की स्त्री हे कळेनासं होतं. वर तबकडीची खरखर आणि पावसासारखा आवाज. रात्रीच्या शेवटच्या बसमधून घरी जाणाऱ्या माणसाचं संगीत म्हणून ते ओळखलं जातं, ते उगाच नव्हे.

पण यात कौशल्य कमी कुठे आहे? चौकटीशिवाय ताल उभा करणं चौकटीत करण्यापेक्षा अवघड. ३०३ ची बटणं तर कुणीही फिरवेल, पण दहा-अकरा मिनिटं नाचणाऱ्यांना धरून ठेवेल अशी फिरवायला वेळेची जाण लागते. शिवाय तंत्र न येणाऱ्यांच्या हजारो कंटाळवाण्या ट्रॅकची नावं आपल्याला माहीत नाहीत, म्हणून हे मिथक टिकून राहतं.

चरणजित सिंग यांची ती तबकडी नक्की काय आहे?

याचं उत्तर मुंबईकरांना तरी माहीत असायला हवं. चरणजित सिंग हे हिंदी सिनेसंगीतातले मुंबईचे वादक. बेस गिटार, पुढे सिंथेसायझर. १९८२ च्या सुमारास एचएमव्हीसाठी त्यांनी एक तबकडी केली: दहा राग, डिस्कोच्या ठेक्यावर. भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मेघमल्हार, यमन, मालकंस वगैरे. साधनं तीन: जुपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ड्रम मशीन आणि आपलं टीबी-३०३. तबकडी फारशी कुणी घेतली नाही. २०१० साली एका डच संग्राहकानं ती पुन्हा प्रकाशित केली आणि जगभर गलका झाला की शिकागोच्या पाच वर्षं आधी मुंबईत ॲसिड हाऊस झालं होतं. सिंग यांना उतारवयात परदेशातून मैफिलींची बोलावणी आली. २०१५ साली ते गेले.

'शोध आधी कुणी लावला' या वादात मला रस नाही. शिकागोतल्या पोरांनी ही तबकडी ऐकली असण्याची शक्यता जवळपास शून्य, आणि सिंग यांना नवा प्रकार काढायचा नव्हता, त्यांना राग डिस्कोवर बसवून बघायचे होते. रस आहे तो यात, की ३०३ त्यांना का रुचलं असेल. त्या यंत्रात प्रत्येक पायरीला 'स्लाइड' लावता येते. लावली की आवाज एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी न मारता घसरत जातो. मींडेचा कान असलेल्या वादकाला हे दिसल्यावर तो हात मागे कसा घेईल?

आणि भावाचं काय? स्पष्ट बोलायचं तर मेघमल्हाराचं गांभीर्य किंवा ललतची पहाटेची घालमेल या तबकडीत नाही. आलापीला जागाच नाही, ठेका पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच लयीत पळतो. रागाचा विस्तार ऐकायच्या तयारीनं बसलात तर चिडाल. पण त्या पळत्या ठेक्यावर जुपिटरवरचा त्यांचा हात ऐका. वर जाताना स्वर जरासा वाकवतात, परत येताना रेंगाळतात. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या गाण्यांत चार-चार ओळींचे तुकडे वाजवलेला माणूस इथे मनसोक्त वाजवतोय. त्यात एक निखळ हौस आहे, आणि हौस हाही भावच.

भारतात त्याआधी काही झालं होतं का?

हो. १९६९ मध्ये अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर उभा करून दिला आणि तिथे काही वर्षं भारतीय संगीतकारांनी त्यावर प्रयोग केले. त्या टेपा अनेक दशकांनी उजेडात आल्या. त्यातलं काही अजून कच्चं वाटतं, काही अगदी आजचं.

गोवा ट्रान्समध्ये भाव असतो की नुसती धुंदी?

अंजुण्याच्या किनाऱ्यावर रात्रभर नाचणाऱ्याला हा फरक सांगत बसू नका. पण तांत्रिक बाजू मजेदार आहे. गोव्याच्या उन्हात तबकड्या वाकायच्या, म्हणून गोवा गिलसारखे तिथले डीजे आधी कॅसेटवर आणि मग डॅट नावाच्या डिजिटल टेपवर वाजवायचे. डॅटवर तबकडीसारखा वेग कमी-जास्त करून दोन ट्रॅकचे ठोके जुळवण्याची सोय नव्हती. त्यामुळे ठोका नसलेल्या, तरंगत्या जागी एक ट्रॅक संपवून दुसरा सुरू करावा लागे. ट्रॅकही मग लांब, सावकाश उघडणारे आणि तसेच मिटणारे होत गेले. पहाटेचा जो भारलेपणा लोक आठवतात, त्यातला काही वाटा या अडचणीचा आहे. पुढे डिजिटल उपकरणं आली, ठोके अखंड जुळू लागले, आणि त्या मोकळ्या जागा कमी झाल्या. माझ्या मते नुकसानच झालं.

डीजे नुसतं प्ले दाबतो, हे खरं का?

मोठ्या फेस्टिव्हलच्या मंचावर बऱ्याचदा, हो. कॅनडाच्या डेडमाऊस या डीजेनं २०१२ मध्ये स्वतःच जाहीर लिहून टाकलं की आम्ही सगळे प्लेच दाबतो. दिवे, पडदा, आतषबाजी सगळं आधीपासून जुळवलेलं असतं, तिथे उत्स्फूर्तपणाला वाव नसतो. लहान क्लबमध्ये समोरच्या पन्नास माणसांकडे बघून पुढचा ट्रॅक निवडणारा डीजे मात्र वेगळं काम करतो, आणि त्याचं कौशल्य निवडीत असतं, बीट जुळवण्यात नव्हे. बीट आता यंत्र जुळवतं. (मिरवणुकीतली स्पीकरची भिंत, जिला आपण 'डीजे' म्हणतो, तो विषय इथला नाही. तिथे प्रश्न भावाचा नसून कानाच्या पडद्याचा आहे.)

शब्द नसतील तर भावना पोचते का?

बंदिशीचे शब्द न कळता आपण आयुष्यभर ख्याल ऐकतो. तेव्हा पोचते. १९८६ चा लॅरी हर्डचा 'कॅन यू फील इट' ऐका. एक ड्रम मशीन, रोलँड जुनो-६० चा गोलसर बेस आणि वर पसरलेले स्वरमेळ. एवढंच. हर्ड मूळचा ड्रमवाला. त्याला काय घालू नये हे कळत होतं. याच सुमाराचा, १९८७ चा, डेट्रॉइटच्या डेरिक मे याचा 'स्ट्रिंग्ज ऑफ लाइफ' तर याहून धाडसी: नाचायचा ट्रॅक, आणि त्यात बेसलाइनच नाही. पियानोचे तुकडे आणि व्हायोलिनसारखे तीक्ष्ण आवाज अधांतरी उड्या मारतात. आज हा ट्रॅक एखाद्या कोर्समध्ये दाखवला तर 'खाली पोकळ आहे, बेस घाला' असा शेरा नक्की मिळेल.

महागडी साधनं घेतली तर फरक पडेल का?

खिशाला पडेल.

शास्त्रीय संगीत शिकलेल्याला या क्षेत्रात फायदा होतो का?

कानाला नक्की होतो, हाताला अडचण होते. की-बोर्डवरचं संगीत मिडी नावाच्या १९८३ पासून चालत आलेल्या पद्धतीनं लिहिलं जातं. तिच्या हिशेबी स्वर म्हणजे शून्य ते १२७ मधला एक आकडा, त्यामधलं काही नाही. दरबारीतला कोमल गंधार या हिशेबात बसतच नाही, कारण तो एका जागी उभा राहत नाही. तो आंदोलित होतो, खालच्या बाजूला झुकतो, ऋषभाला जवळजवळ टेकून परत येतो. की-बोर्डवर कोमल ग दाबलात तर दरबारी सोडून दुसरं काहीही ऐकू येईल.

मार्ग आहे. पिच बेंडचा आवाका बहुतेक ठिकाणी दोन अर्धस्वरांचा असतो. छोट्या आंदोलनाला तो पुरतो, लांब मींडेसाठी सेटिंगमध्ये जाऊन वाढवा. मग गंधार सरळ न दाबता त्याच्याखालून उचला आणि बेंडची रेघ हातानं काढा. सॉफ्टवेअरनं दिलेलं यांत्रिक कंपन वापरू नका, कारण ते एकाच वेगानं हलतं आणि आंदोलन तसं नसतं. आधी गळ्यातून काढून ध्वनिमुद्रित करा, ते ऐकत ऐकत रेघ जुळवा. कंटाळवाणं काम आहे. एका स्वराला अर्धा तास जाईल. पण तंत्र आणि भाव ही दोन वेगळी खाती नाहीत हे कळायला एवढा अर्धा तास पुरे.

एक इशारा. राग आणि बीट एकत्र आणले की 'फ्यूजन' झालं, या समजुतीनं भरपूर पाणचट संगीत निघालं आहे: सतारीचा एक तुकडा, चार वेळा उगाळलेला, खाली तयार ठेका. तलविन सिंग यांच्या तबला-इलेक्ट्रॉनिक अल्बमला १९९९ मध्ये ब्रिटनचं मर्क्युरी पारितोषिक मिळालं, त्याचं कारण त्यात तबला सजावटीला नव्हता, ताल तबल्याच्या डोक्यातून निघाला होता.

माझा ट्रॅक स्वच्छ वाजतो, लेव्हल बरोबर आहेत, तरी ऐकून काहीच वाटत नाही. काय करू?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि याचं उत्तर बहुधा प्लगइनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायच्या साधनांमध्ये, नसतं.

आधी स्क्रीन बंद करून ऐका. डोळ्यांना पुढचा ड्रॉप दिसत असला की कान वाट बघायचं विसरतात. ऐकणाऱ्याला तुमच्या रंगीत पट्ट्या दिसत नाहीत, त्याला फक्त वेळ जाताना कळतो.

मग एकेक भाग म्यूट करत जा. ज्याच्या जाण्यानं काही बिघडलं नाही तो परत आणू नका. नवशिक्याच्या ट्रॅकमध्ये आठ बारचा लूप झकास असतो आणि पुढे तोच थर चढवत चढवत चार मिनिटांवर ताणलेला असतो. थर चढवणं म्हणजे बांधणी नव्हे. विलंबित ख्यालात बडा गवई दहा मिनिटं मध्य सप्तकातच घोटाळतो आणि मग तार षड्ज लावतो, तेव्हा सगळी बैठक 'अहाहा' करते, ती त्या दहा मिनिटांमुळे. तुमच्या ट्रॅकमधला तार षड्ज कोणता, हे स्वतःला विचारा. उत्तर 'तिसऱ्या सेकंदाला येऊन गेला' असं असेल तर दुखणं सापडलं.

यानंतर एकच गोष्ट निवडा आणि ती अख्ख्या ट्रॅकभर हलवा. समजा पॅडच्या, म्हणजे मागे पसरलेल्या लांब स्वरांच्या, फिल्टरचा कटऑफ. दोन मिनिटांत तो इतक्या हळू उघडा की कुणाच्या लक्षातही येऊ नये, आणि पुरता उघडायच्या जरा आधी थांबा. ऑटोमेशनची, म्हणजे बटण आपोआप फिरवणारी, सरळ रेघ ओढू नका, बटण हातानं फिरवून रेकॉर्ड करा. हात थबकतो, घाई करतो, चुकून पुढे जातो. ते राहू द्या.

मास्टरिंगचा लिमिटर, म्हणजे आवाज दाबून सगळं सारखं मोठं करणारं साधन, शेवटच्या दिवसापर्यंत काढून ठेवा. सगळं सारखंच मोठं झालं की हळू काही उरत नाही, आणि हळू नसेल तर मोठंही वाटत नाही.

आणि तरीही काही वाटत नसेल तर चाल सामान्य असेल. तसं असू शकतं. फाइल बंद करा, दुसरी उघडा.

एआयनं बनवलेल्या ट्रॅकचं काय?

मिक्स लख्ख, बांधणी नेमस्त, आणि म्हणूनच 'स्वच्छ वाजतं पण काही वाटत नाही' या तक्रारीचा तो सर्वोत्तम नमुना. अपवाद होतात, जेव्हा माणूस यंत्राशी झगडतो. होली हर्नडननं २०१९ च्या 'प्रोटो' या अल्बमसाठी स्वतःच्या आणि गायकवृंदाच्या आवाजांवर एक प्रणाली शिकवली आणि तिचं अडखळणं तसंच ठेवलं. मागणी लिहिली आणि गाणं उतरवून घेतलं, यात ठरवण्याची जागा फार थोडी उरते.

ऐकायला सुरुवात कुठून करू?

जो या संगीताला नाक मुरडतो त्याला आधी 'एव्हरिल १४थ' ऐकवा, आणि ते कोण वाजवतंय हे नंतर सांगा. मग 'कॅन यू फील इट', मग 'आय फील लव्ह', हेडफोनवर, फक्त बेसकडे लक्ष ठेवून. बरिअल रात्री प्रवासात. 'ॲसिड ट्रॅक्स' बसून ऐकायची गोष्ट नाही, उभे राहा. ऑटेकर 'फ्लटर'पासून, आणि आवडलं नाही तर पुढे जाण्याची सक्ती नाही. चरणजित सिंग यांचा भैरव शेवटी ठेवा आणि बऱ्या स्पीकरवर लावा. फोनच्या स्पीकरमधून ३०३ चा खालचा पट्टा येतच नाही, मग उरतो तो नुसता ठेका.